खून आठ, मृत्यू एकशे अडुसष्ट!

१९ एप्रिल १९९५. सकाळचे ९ वाजून २ मिनिटे. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीच्या मुरा फेडरल बिल्डिंगमध्ये कामकाज नुकतेच सुरू झाले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या पाळणाघरात मुलांना सोडून आईबाप कामाला लागले होते. एवढ्यात इमारतीसमोर उभ्या असलेल्या ट्रकचा प्रचंड स्फोट झाला. १६८ जण ठार झाले. त्यांत १९ चिमुरडी मुले होती.

दीड तासाच्या आतच एका पोलिसाने हमरस्त्यावर नंबरप्लेट नसलेली मोटार अडवली. चालकाजवळ पिस्तूल सापडले, म्हणून त्याला कोठडीत टाकले. तो होता टिमथी मॅकवे, आखाती युद्धात लढलेला माजी सैनिक! तिकडे ट्रकच्या तुटक्या अ‍ॅक्सलवरील क्रमांकावरून तपास अधिकारी ट्रक भाड्याने देणाऱ्या दुकानापर्यंत पोहोचले. दोन दिवसांनी मॅकवे सुटणार, तोच त्याची ओळख पटली. बरोबर दोन वर्षांपूर्वी, १९ एप्रिल १९९३ रोजी, वेको येथे सरकारी वेढ्याचा शेवट आगीत झाला होता. त्याचा सूड त्याला घ्यायचा होता.

ओक्लाहोमात निःपक्षपाती ज्युरी मिळणे कठीण, म्हणून न्यायमूर्ती रिचर्ड मॅच यांनी खटला डेन्व्हरला हलवला. १९९७ मध्ये तो उभा राहिला, तेव्हा आरोप अकरा होते. पण खुनाचे आरोप मात्र आठच! कारण फेडरल कायद्याखाली तिथे खुनाचा आरोप ठेवला गेला तो कर्तव्यावर असलेल्या आठ फेडरल अधिकाऱ्यांपुरता. बाकीचे १६० मृत्यू बॉम्बच्या कलमांत सामावले गेले. पाळणाघरातल्या एकाही मुलाच्या खुनाचा स्वतंत्र आरोप त्यांत नव्हता.

मॅकवेचा जुना मित्र मायकेल फोर्टियर यानेच कटाची हकिकत न्यायालयात सांगितली. २ जून रोजी बारा ज्युरींनी अकराही आरोपांत त्याला दोषी ठरवले आणि १३ जूनला देहदंडाची शिफारस केली. ११ जून २००१ रोजी इंडियानातील तुरुंगात विषारी इंजेक्शन देऊन शिक्षेची अंमलबजावणी झाली.

पण उरलेल्या घरांचे काय? त्यांना आणखी तीन वर्षे थांबावे लागले. मॅकवेचा साथीदार टेरी निकोल्स याला फेडरल न्यायालयाने आधीच जन्मठेप दिली होती. तरीही ओक्लाहोमा राज्याने त्याच्यावर वेगळा खटला भरला आणि २००४ मध्ये तो १६१ खुनांबद्दल दोषी ठरला. त्यांत एक जीव आईच्या पोटातला होता. शिक्षा पुन्हा जन्मठेपच झाली. फरक एवढाच, की या वेळी त्या १९ मुलांचा हिशेबही न्यायालयाच्या निकालात नोंदला गेला.