भिंतीला रेनकोट घाला, पण श्वास घेऊ द्या!

रीलमध्ये काय भारी वाटतं ना? पोपडे आलेली भिंत, हातात ड्रिल, मागे म्युझिक आणि तीस सेकंदांत लाकडी लुकचे पॅनल रेडी! दिवाळीच्या सुट्टीत घराच्या बाहेरच्या भिंतीवर हा प्रयोग करायचा तुमचाही प्लॅन असेल, तर जरूर करा. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. बाहेरचं क्लॅडिंग म्हणजे भिंतीचा मेकअप नाही, रेनकोट आहे.

ही आयडिया आपल्याला नवी नाही. पावसाची झड आत येऊ नये म्हणून कोकणात झावळ्यांची झापं बांधायचे. त्यातून वारा खेळायचा, म्हणून आतली बाजू वाळायची. पॅनलचं तंत्रही तेच. सांध्यांतून थोडं पाणी आत जाणारच. मागे २० ते २५ मिलिमीटरची पोकळी असेल, तर ते खाली निथळतं आणि उरलेली ओल वाऱ्याने सुकते. पॅनल थेट भिंतीला चिकटवलेत, तर ओल आतच कोंडते. बाहेरून घर चकाचक आणि आत बुरशी!

आधी भिंत बघा

फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर दोन दिवस चिकटवा. आतल्या बाजूला थेंब जमले, तर भिंतीत ओल आहे. मग आधी भेगा, गळका पाइप, गच्चीची गळती बघा. पॅनल गळती लपवतं, थांबवत नाही.

माल घेताना

दुकानात ‘एक्स्टीरियर ग्रेड’ असंच विचारा. खोलीत लावायचे पीव्हीसी पॅनल उन्हात फिके पडतात, वाकतात. बाहेरच्या वापराचं डब्ल्यूपीसी चालेल. १० बाय ८ फुटांची भिंत म्हणजे ८० चौरस फूट. कटिंगमध्ये वाया जाईल म्हणून १० टक्के जादा धरा, म्हणजे ८८. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. साधे गंजतात आणि पॅनलवर तांबडे ओघळ येतात.

आता कामाला लागा

ड्रिल मारण्याआधी भिंतीत वायर किंवा पाइप कुठून गेलाय ते घरच्यांना विचारा. ओल्या भिंतीवर ड्रिल अजिबात नको. आडवे पॅनल हवे असतील, तर सांगाड्याच्या पट्ट्या उभ्या लावा. उभ्या लूव्हर्सना आडव्या पट्ट्या लागतात, पण त्या पाण्याची वाट अडवतात. म्हणून आधी उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यावर आडव्या. प्रत्येक पट्टी ओळंब्यात आहे का, ते बघा. इथे चुकलात, तर शेवटचं पॅनल तिरकं दिसणारच.

डब्ल्यूपीसी उन्हात लांबीला वाढतं. त्यामुळे टोकांना कंपनीने सांगितलेली फट सोडा. खाली जमिनीपासून साधारण सहा इंच जागा ठेवा. वर आणि खाली जाळी लावा, नाहीतर पाली आणि उंदरांना फुकटचा फ्लॅट मिळेल!

कुठे थांबायचं?

तळमजल्यापुरतंच. त्याच्या वर परांची आणि अनुभवी मिस्त्री हवाच. आणि फ्लॅटमध्ये राहत असाल, तर बाहेरची भिंत तुमच्या एकट्याची नाही. सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

हे नियमासाठी नियम नाहीत. लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली, त्यात ७२ जणांचा जीव गेला. इमारतीला नव्याने लावलेल्या क्लॅडिंगमध्ये पॉलिथिलीनचा गाभा होता. तो पेटला आणि आग बाहेरच्या बाजूने वर चढत गेली. पाणी सुकवणारी पोकळी आगीलाही वाट देते. म्हणून पॅनल निवडताना रंगाच्या आधी फायर रेटिंग विचारा. मीटर बॉक्स आणि गॅस सिलिंडरजवळची भिंत सोडूनच द्या.

पहिल्यांदाच करताय? मग गेटशेजारची छोटी भिंत घ्या. एक पावसाळा जाऊ द्या. खालच्या फटीतून पाणी निथळताना दिसलं आणि आतली भिंत कोरडी राहिली, की मोठ्या भिंतीचं माप घ्या.