नारिंगी डबी

सकाळी 6. काल रावेरचं लग्न उरकून बऱ्हाणपुरात परतायला दीड वाजला होता. आज असीरगढ. जीपवाला पेटी मागे ठेवता ठेवता माझ्याकडे बघतो. "ताई, तब्येत बरी नाही का?" तब्येत ठणठणीत आहे. वैशाखात नवऱ्या सजवणाऱ्या कुठल्याही बाईचे डोळे असेच दिसतात.

6:45. इंदूरच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटर गेलं की सातपुड्यात किल्ला दिसायला लागतो. अकबराला 1601 साली तो हाती यायला कित्येक महिने वेढा घालून बसावं लागलं होतं. गावात मात्र अकबरापेक्षा अश्वत्थाम्याची चर्चा जास्त. किल्ल्यावरच्या महादेवाला रोज पहाटे ताजं फूल तोच वाहून जातो म्हणतात. कपाळावरचा मणी काढून घेतल्याची जखम अजून वाहते, म्हणून वाटेत भेटणाऱ्याकडे तो हळद आणि तेल मागतो. जीपवाला हे मला दर वेळी सांगतो, आणि दर वेळी मी पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवते.

8. हळद. काकू-मावश्यांच्या हाताला आवर नाही. "तोंडाला कमी लावा, माय" असं मी म्हणते, आणि नेहमीप्रमाणे माझं कोणी ऐकत नाही. ही हळद नुसत्या पाण्याने निघत नाही, तेलाने सुटते. तशीच राहिली तर दुपारी लावलेला प्रत्येक रंग पिवळट दिसतो. म्हणजे तेल मलाही मागावं लागतं.

10:30. खोलीचं दार लावून नवरी ओढणी बाजूला करते. गाल लालभडक, वर बारीक पुटकुळ्या. "लग्नाआधी गोरी दिसावी म्हणून" चार महिने लावलेली ट्यूब ती उशीखालून काढते. मागचं नाव वाचलं तर त्यात स्टेरॉइड. अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम 2018 पासून आहे, तरी मिळतात. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, आणि एकदम बंद केलं की आग भडकते. "लग्न झालं की त्वचेच्या डॉक्टरला दाखव, ही ट्यूब सोबत ने." एवढं सांगणं माझं काम. औषध सांगणं माझं काम नाही.

1. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. पोटभर जेवले, चूक केली.

2:30. नवरीला मी बल्बखाली बसवत नाही, दाराशी बसवते. पिवळ्या उजेडात सगळं झाकल्यासारखं वाटतं आणि मांडवात उघडं पडतं. लाल गालांवर हिरवट रंग, तोही डागापुरताच, टाचणीच्या डोक्याएवढा. डोळ्यांखाली नारिंगी. नारिंगी डबी उघडली की बायका दचकतात. हे कशाला, पांढरं लावा ना! पण आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवरच्या निळसर काळ्या वर्तुळावर पांढरा रंग टाकला की राखेचा ठिपका दिसतो. नारिंगी त्या निळ्याला खातो, आणि त्यावर कातडीच्या रंगाचा पातळ थर बसतो. गोरेपणाचा इथे संबंधच येत नाही, पण हे आईला पटवायला पंधरा मिनिटं जातात.

घासायचं नाही. अनामिकेने थापायचं, कारण त्या बोटाचा दाब हलका, आणि डोळ्याखालची कातडी चेहऱ्यावरची सगळ्यात पातळ. थर जाड झाला की हसताना तिथे भेगा पडतात. वर पावडर चिमूटभर.

या मुलीची अर्धी काळोखी मुळी रंगाची नाहीच. डोळ्याखाली खळगा आहे, आणि त्याची सावली पडते. आईलाही तसाच आहे, झोपेचा दोष नाही. सावलीच्या रेघेवर किंचित उजळ रंग ओढला की ती थोडी उचलली जाते, बस. कपाळावर लहानपणी पडल्याची खोक आहे. तिचा रंग मी मिटवला, खोली तशीच राहिली. रंगाने रंग झाकता येतो, खड्डा भरत नाही. अश्वत्थामा आला असता तर त्यालाही हेच सांगितलं असतं.

5:30. फोटोवाला फ्लॅश मारून दाखवतो. करवलीचा चेहरा भुतासारखा पांढरा! तिने मला न विचारता वरून सनस्क्रीन थापलंय. काही सनस्क्रीनमधली झिंकची किंवा टायटॅनियमची पूड फ्लॅशचा उजेड परत फेकते. पुसून पुन्हा केलं, वीस मिनिटं गेली.

7. मंगलाष्टकं, अक्षता. मी जनरेटरपाशी उभी राहून फक्त नवरीचे डोळे बघतेय. सावधान म्हटल्यावर सगळे तिच्याकडे बघतात, पण माझ्याइतकं जवळून कोणी बघत नसेल.

9:30. पाठवणी. ती रडली, आई तिच्याहून जास्त. नवरीचं टिकलं. आईचं ओघळून खाली आलं. तिला मी पाण्यात टिकणारं लावलं नव्हतं, कारण "मला काय करायचंय एवढं" म्हणाली होती. जाताना नवरीने विचारलं, "ताई, रात्री हे कशाने काढू?" खोबरेल तेलाने, सावकाश, म्हटलं. ट्यूब तिच्या पर्समध्येच आहे याची खात्री केली.

11. घरी ब्रश धुतले. नारिंगी डबीचा तळ दिसायला लागलाय. उद्या नेपानगर, दोन नवऱ्या, एकाच मांडवात.