रेडिओ कंप्रतेच्या चाचणी केबलचे कनेक्टर : संपर्कधातूंच्या टिकाऊपणाचा विचार

महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी सूक्ष्मलहरींची उपकरणे खरेदी करताना उपकरणाच्या निवडीवर पुष्कळ चर्चा होते. केबल मात्र दरपत्रकाच्या शेवटच्या ओळीत असते आणि ती किमान दरानेच घेतली जाते. आमच्या विभागातही असेच घडले. एका सत्राच्या आतच एकाच अँटेनाची दोन विद्यार्थ्यांनी घेतलेली मापने जुळेनाशी झाली. उपकरणाचे अंशांकन पुन्हा केले, तरी फरक पडला नाही. दोष सापडला तो केबलच्या टोकाला, कनेक्टरच्या सैल पडलेल्या सॉकेटमध्ये. चाचणी केबलच्या कनेक्टरसाठी कोणते धातू निवडावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उपकरणाच्या आत कायम बसविलेला कनेक्टर वर्षानुवर्षे उघडला जात नाही. चाचणी केबलचे तसे नसते. एसएमए प्रकारच्या कनेक्टरसाठी उत्पादक सामान्यतः ५०० जोडण्यांचे आयुर्मान सांगतात. दिवसाला २० जोडण्या धरल्या, तर कामाच्या २५ दिवसांत ते संपते! म्हणून येथे विद्युतवाहकतेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व झीज आणि लवचिकता यांना द्यावे लागते.

सॉकेटच्या मध्यवर्ती संपर्काला उभ्या चिरा पाडून त्याची बोटे केलेली असतात. ती पिनेला स्प्रिंगप्रमाणे दाबून धरतात. पितळ स्वस्त आणि कातकामास सोपे. परंतु पितळी बोटे कालांतराने ताण सोडतात, आणि दाब कमी झाला की संपर्करोध अस्थिर होतो. फॉस्फर ब्राँझ त्याहून बरे. सर्वांत योग्य ठरते ते बेरिलियम तांबे. सुमारे दोन टक्के बेरिलियम असलेल्या या मिश्रधातूला आकार दिल्यानंतर सुमारे ३१५ अंश सेल्सिअसला दोन-तीन तास तापविले की तो कठीण व अतिशय लवचिक होतो. त्याची वाहकता शुद्ध तांब्याच्या जेमतेम चौथाई असते. तरीही हे चालते, कारण उच्च कंप्रतेला प्रवाह वाहकाच्या पृष्ठभागालगतच वाहतो. सोन्यात ही खोली १ गिगाहर्ट्झला सुमारे २.४ मायक्रोमीटर, तर १८ गिगाहर्ट्झला केवळ ०.५६ मायक्रोमीटर असते. म्हणजे वरच्या कंप्रतांना प्रवाहाचा मोठा वाटा मुलामाच वाहून नेतो.

मुलाम्यासाठी चांदी सर्वाधिक वाहक, पण हवेतील गंधकयुक्त वायूंनी ती काळवंडते. शेजारी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि तिथे किपचे उपकरण असेल, तर अधिक सांगणे नकोच. सोने गंजत नाही. मात्र शुद्ध सोने मऊ असल्याने घासून जाते. म्हणून अल्प कोबाल्ट अथवा निकेल मिसळलेले ‘कठीण सोने’ मागावे, आणि त्याची जाडी लेखी मागावी, १.२७ मायक्रोमीटर हा प्रचलित आकडा आहे. नुसते ‘सुवर्णमुलामायुक्त’ एवढे लिहिलेल्या दरपत्रकातून काहीच कळत नाही, कारण चकाकी पातळ थरालाही तेवढीच असते.

सोन्याखाली निकेलचा थर देण्याची पद्धत आहे. त्यामुळे तांबे सोन्यात झिरपत नाही व मुलाम्याला कठीण आधार मिळतो. परंतु साधे निकेल लोहचुंबकीय असते. सोने पातळ असेल किंवा कंप्रता कमी असेल तर प्रवाह निकेलपर्यंत पोहोचतो, ऱ्हास वाढतो, आणि दोन प्रबळ संकेत एकत्र असल्यास नको त्या कंप्रता निर्माण होतात. मोबाइल केंद्रांच्या अशा चाचण्यांसाठी चांदी किंवा तांबे-कथिल-जस्त यांच्या मिश्रधातूचा अचुंबकीय मुलामा पसंत करतात.

बाह्य भागासाठी स्टेनलेस स्टील घ्यावे. त्याची वाहकता तांब्याच्या चाळिसाव्या भागाएवढीच आहे. पण बाह्य वाहकाचा परीघ मोठा असल्याने हानी तुलनेने कमी होते, आणि आटे व टेकणारी कडा लवकर झिजत नाहीत. झिजलेल्या पितळी आट्यांचा कीस उपकरणाच्या मुखात जातो, आणि त्या मुखाची दुरुस्ती केबलच्या किमतीत होत नाही. त्यामुळे आम्ही आता मुखावर एक बदलता येण्याजोगा अडॅप्टर कायम ठेवतो. जोडणी टॉर्क पान्यानेच करतो : पितळी एसएमएसाठी सुमारे ०.५६ न्यूटन-मीटर, स्टीलसाठी सुमारे १. पिरगळायची ती फक्त चाकी; केबल फिरविली तर पिन सॉकेटमध्ये घासते, आणि कितीही जाड सोने मग फार दिवस पुरत नाही.