पासोड्या विठोबाच्या शेजारी

पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाचं देऊळ आहे. देवळाजवळ एकेकाळी पासोड्यांचा, म्हणजे जाड्याभरड्या सुती पांघरुणांचा बाजार भरायचा, म्हणून देवाला हे नाव पडलं असं सांगतात. आता तिथे पासोडी मिळायची नाही. देवळालगतची तापकीर गल्ली आणि बुधवार चौकाच्या आसपासच्या बोळांत आज विजेच्या सामानाच्या जोडीने मोबाइलचा बाजार भरलेला आहे: छतापर्यंत टांगलेली कव्हरं, टेम्पर्ड ग्लासच्या चळती, चार्जर, केबल आणि पायरीएवढ्या जागेत टेबल टाकून बसलेले दुरुस्तीवाले. ‘मोबाइलवाल्यांनी पेठा गिळल्या’ ही तक्रार जुन्या पुणेकरांच्या तोंडी नेहमीची आहे. तक्रारीमागची हळहळ खरी आहे, पण ती चुकीच्या माणसाकडे बोट दाखवते. मोबाइलचा धंदा या पेठेवर बाहेरून येऊन पडलेला नाही. तो इथल्याच कारागिरीतून उगवला आहे आणि पेठ आजवर ज्या रीतीने जगली, तीच रीत तो पुढे चालवतो आहे.

ही पेठ औरंगजेबाच्या काळात, १७०३ मध्ये, मुहियाबाद या नावाने वसली. पेशवाईत तिला वाराचं नाव मिळालं. पुण्याच्या या भागात एका मालाची दुकानं एका ओळीत हा शिरस्ता पहिल्यापासूनचा. तांबट आळी, बुरूड आळी, बोहरी आळी ही नावं त्याच शिरस्त्याची, आणि अप्पा बळवंत चौक म्हटलं की पुस्तकं हे समीकरण त्याच घडणीतलं. एकाच मालाची पन्नास दुकानं शेजारी शेजारी असली की ती एकमेकांचं गिऱ्हाईक मारतात असं बाहेरच्याला वाटतं. घडतं उलट. आपल्याकडे नसलेली वस्तू दुकानदार दोन मिनिटांत शेजारून आणून देतो, भाव गिऱ्हाइकाला चालता चालता कळतो आणि गावाबाहेरून आलेल्याला एकच पत्ता पाठ असला तरी भागतं. तापकीर गल्लीचा पत्ता मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी लोकांना पाठ होता. रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि टीव्हीचे सुटे भाग इथे मिळत. अभियांत्रिकीची मुलं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी रेझिस्टर, कपॅसिटर आणि आयसी शोधत इथेच येत आली आहेत. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि फोन सर्वसामान्यांच्या खिशात आला. तेव्हा बिघडलेला फोन उघडायला जो हात लागणार होता, सोल्डरिंगचा सराव असलेला, तो हात या गल्लीत आधीच बसलेला होता.

तो हात काय करतो हे जवळून पाहिल्याशिवाय या बाजाराबद्दल बोलू नये. फोनची काच तडकते, पण खालचा डिस्प्ले शाबूत असतो. कारागीर फोन तापत्या पाटावर ठेवतो, खालच्या व्हॅक्युमने तो घट्ट धरला जातो आणि मधला गोंद मऊ झाला की केसासारखी बारीक तार काच आणि डिस्प्ले यांच्या फटीतून दोन्ही हातांनी सावकाश ओढत नेतो. जोर जास्त झाला तर डिस्प्ले गेला, म्हणजे पूर्ण ‘फोल्डर’, काच आणि डिस्प्लेचा अख्खा जोड, बदलण्याचा खर्च आला. पाण्यात पडून बंद झालेल्या फोनची तऱ्हा याहून नाजूक. बोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे, पण त्यावर कणांएवढे शेकडो भाग आहेत आणि त्यांतले कित्येक मोहरीहून लहान. कारागीर तापल्या सोल्डरिंग आयर्नने राळेचा धूर बोर्डावर धरतो, पांढरा थर बसतो, मग बेताने वीज सोडतो. शॉर्ट झालेला कण गरम होतो आणि नेमका तेवढ्याच जागेवरचा थर वितळून काळा ठिपका उमटतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो एक कण उचलला की मेलेला फोन सुरू होतो. हे ज्ञान महाविद्यालयात शिकवलं जात नाही. ते एका स्टुलावरून शेजारच्या स्टुलावर जातं, अगदी तांबट आळीत हातोडीचा ठोका जसा जात आला तसं. पेठेचं जे म्हणून काही जपायचं आहे, त्यात ही विद्या मी बरीच वर ठेवीन.

यावर पहिला आक्षेप असा की दुरुस्तीवाले थोडे आणि कव्हरं विकणारेच फार, आणि त्यांच्यामुळे बाकीचे धंदे उठले. पहिली गोष्ट खरी आहे. फोनवरचा नफा तुटपुंजा असतो, त्यातले बरेच फोन आता ऑनलाइन विकले जातात, म्हणून दुकान तगतं ते कव्हर-काचेवर. हा माल आकड्यावर टांगता येतो, त्याला गोदाम लागत नाही, हातभर जागेत दिवसाचा गल्ला उभा राहतो. साड्यांच्या दुकानाला गादी पसरायला जागा लागते, पुस्तकांना कपाटं लागतात; मोबाइलच्या दुकानाला भिंत पुरते. साहजिकच एका गाळ्याचे तीन गाळे होतात आणि चढं भाडं मोबाइलवालाच देऊ शकतो. पण दुसरी गोष्ट, त्याने इतरांना उठवलं ही, मला पटत नाही. जुनी दुकानं बंद पडण्याची कारणं बहुधा दुकानातच सापडतात: पुढची पिढी गल्ल्यावर बसायला तयार नाही, गाडी लावायला जागा नसल्याने उपनगरातलं गिऱ्हाईक येत नाही, मालक आणि जुना भाडेकरू यांच्यातल्या वादात वाडा ढासळत राहतो. मोबाइलवाला रिकाम्या झालेल्या जागेत येतो. तो आला नसता तर तिथे पुन्हा पासोड्या आल्या नसत्या, शटर खाली राहिलं असतं.

दुसरा आक्षेप हलक्या आवाजात घेतला जातो: हे व्यापारी बाहेरचे. राज्यभर मोबाइल साहित्याच्या व्यापारात राजस्थानी कुटुंबं पुष्कळ आहेत हे खरं. पण बाहेरून येणारा व्यापारी पुण्याच्या पेठांना कधी नवा होता? बोहरी आळीचं नावच त्याचा पुरावा आहे. तांब्या-पितळेची, कापडाची, भुसाराची दुकानं ज्यांनी थाटली त्यांतले कितीतरी जण परमुलखातून आले आणि इथले झाले. गिऱ्हाइकाशी मराठीत बोलावं ही अपेक्षा रास्त आहे आणि ती धरलीच पाहिजे. ती धरताना माणसाला परका ठरवण्याची गरज नाही. बनावट मालाचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. नामांकित कंपनीचं नाव छापलेली नकली बॅटरी विकणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय ती खिशात फुगते. त्यावर कारवाई व्हावी. पण पर्यायी सुटे भाग उजळ माथ्याने ‘कॉपी’ म्हणून विकले जातात तेव्हा गोष्ट वेगळी असते. कंपन्या मूळ भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिराला सहज देत नाहीत, म्हणून तो पर्याय शोधतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टलही सुरू केलं, ते याच अडचणीमुळे.

मला खरी काळजी वाटते ती वायरींची. जुन्या लाकडी वाड्यांच्या तळमजल्यावर लिथियमच्या बॅटऱ्यांचे खोके, वर मीटरच्या पेट्यांमधून लोंबणाऱ्या तारांचे झुबके, आणि बोळ इतका अरुंद की अग्निशमनाची गाडी तोंडाशीच अडेल. निकामी बॅटऱ्या आणि फुटके डिस्प्ले संध्याकाळी कुठे जातात, हाही प्रश्न आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण गल्लीत रोजच्या रोज तो कचरा वेगळा उचलला गेला तरच त्या नियमांना अर्थ. शिवाय जागेचा इतिहास पाट्यांखाली किती सहज गाडला जातो हे या पेठेने पाहिलं आहे. सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी १८४८ मध्ये जिथे मुलींची शाळा सुरू केली तो भिडे वाडा इथलाच. वर्षानुवर्षं त्याच्या तळमजल्यावर दुकानं चालली, वास्तू खचत गेली आणि प्रदीर्घ न्यायालयीन लढाईनंतर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी ती पाडावी लागली. ती दुकानं कसली होती याने काहीच फरक पडला नसता.

२९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली आणि मंडई स्थानक या गल्ल्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आलं. गाडी लावण्याची अडचण ज्यांना पेठेपासून दूर ठेवत होती ते आता येऊ शकतात. जागेचे भाव यामुळे चढतील, आणि चढत्या भावात आधी कव्हरवाला टिकेल, दुरुस्तीवाला वरच्या मजल्यावर किंवा पेठेबाहेर जाईल. वाड्यांच्या जागी नव्या इमारती उठतील तेव्हा तळमजल्यावर दुरुस्तीच्या टेबलांपुरते छोटे गाळे राखून ठेवायचे की नाही, हे आराखडे मंजूर होण्याआधी ठरायला हवं. एका टेबलाला, एका सूक्ष्मदर्शकाला आणि दोन स्टुलांना लागते तेवढीच ती जागा.