सोनेरी उजेड अर्धा तास, अन् लेकरू झोपेला आलेलं

(आजच्या भागाचं शब्दांकन. बोलताना जे शब्द आले ते बऱ्यापैकी तसेच ठेवलेत.)

विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हा कोडिंग करणारा माणूस आता लेकरांच्या फोटोवर बोलणार का? तर हो, बोलणार. कारण मागच्या दिवाळीत मी या कामात सपशेल माती खाल्ली.

झालं असं की भाऊबीजेला ताई आली, सोबत चार वर्षांची भाची आणि दीड वर्षाचा भाचा. मी ठरवलं, आईसोबत सगळ्यांचा एक झकास फोटो काढायचा, तोही नळदुर्गच्या किल्ल्यात, संध्याकाळच्या उजेडात. धाराशिवहून गाडी काढली. भाचीची दुपारची झोप बुडाली. अंगात नवा कोरा घागरा, तो टोचत होता. वर मी सगळ्यांना उपळी बुरुजाच्या पायऱ्या चढायला लावल्या. साडेपाचला उजेड एकदम भारी झाला, आणि नेमकं तेव्हाच भाचीनं भोकाड पसरलं. आई म्हणाली, "अरे, तिला झोप यायलीय, राहू दे." मी ऐकलं नाही. "एक मिनिट नीट हस ना!" म्हणून ओरडलो.

दीडशे फोटो निघाले, एकातही ती हसत नाही. ते एक वेळ चाललं असतं. पण पुढं कित्येक महिने व्हिडिओ कॉलवर मी स्क्रीनशॉट काढतोय असं वाटलं तरी ती तोंड फिरवायची. "मामा, फोटो नको." खरं नुकसान हे झालं.

यंदा परत गेलो. त्याआधी बसून विचार केला, बग कुठं आहे? बग लेकरात नव्हता, आमच्या टाइमटेबलात होता.

आता बघा, संध्याकाळच का? सूर्य खाली गेला की त्याचा उजेड हवेच्या जास्त जाड थरातून येतो. निळा रंग वाटेतच विखुरतो, तांबूस-पिवळा उरतो. शिवाय उजेड डोक्यावरून न येता बाजूनं येतो, म्हणून डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत. पण हा खेळ सूर्यास्ताआधीचा पाऊण-एक तासच. आणि लहान लेकरू दमतं, भुकेलं होतं, चिडतं तेही याच वेळेला. म्हणजे उजेडाचं घड्याळ आणि लेकराचं घड्याळ एकमेकांच्या विरुद्ध चालतं. तयारी करायची ती या भांडणाची.

म्हणून वेळ उलटी मोजा. आपल्या धाराशिवकडे दिवाळीत सूर्य सहाच्या आगेमागे मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेसहाला, मे अखेरीस सातच्या जवळ. किल्ल्यात तटबंदीच्या आड तो त्याआधीच जातो. सहा धरले तर फोटो सव्वापाच ते पावणेसहा. त्याआधी पाऊण तास लेकरांनी नुसतं खेळायचं. म्हणजे साडेचारला पोचायचं. म्हणजे दुपारची झोप तीनच्या आत झाली पाहिजे, नाहीतर गाडीत तरी. आणि हो, किल्ला किती वाजता बंद होतो ते आधीच विचारून ठेवा.

आदल्या दिवशी लेकराला सांगा. चार वर्षांच्या पोरीला सगळं कळतं. "उद्या आपण किल्ल्यात जायचं. तिथं धरणाच्या भिंतीत महाल आहे, पाणी महाल. तू आज्जीचा हात धरून मला दाखवायचा." मी एवढंच सांगितलं. 'हसायचं' हा शब्दच काढला नाही. हुकमावर हसायला सांगितलं की लेकरं दात दाखवतात, हसत नाहीत.

कपडे आधी एकदा घातलेले, धुतलेले, मऊ. नवा बूट तर नकोच. पाण्याजवळ संध्याकाळी डास असतात, त्यामुळं पूर्ण बाह्या बऱ्या. खायला केळं आणि दूध-दशमी नेली. रंगीत पेप्सीकांडी आणि चॉकलेट फोटोनंतर, नाहीतर ओठ आणि सदरा दोन्ही रंगतात.

जागा सपाट निवडा. यंदा बुरूज रद्द, खालचं मोकळं मैदान. लेकराला कठड्यावर बसवून फोटो काढायचा नाही म्हणजे नाही. आणि घरातल्या एका माणसाकडं फक्त लेकरं सांभाळायचं काम द्या, त्यानं मोबाईल खिशातून काढायचाच नाही. फोटो काढणाऱ्याचं लक्ष स्क्रीनवर असतं, आणि दीड वर्षाचं पोर तेवढ्यात कुठल्या कुठं जातं.

आता मोबाईल. सूर्य लेकरांच्या बाजूला किंवा पाठीमागं ठेवा, थेट डोळ्यांत गेला की ती डोळे बारीक करतात. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड लॉक होतो. चेहरा काळा दिसला तर उजेड थोडा वाढवा. नाइट मोड बंद. तो जास्त वेळ उजेड गोळा करतो, लेकरू तेवढं थांबत नाही, मग चेहरा पुसट येतो. प्रो मोड असेल तर शटर १/२५० किंवा त्याहून जलद ठेवा, नसेल तर बर्स्ट लावा. आणि गुडघ्यावर बसा! लेकराच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला फोटो वेगळाच दिसतो.

सगळ्यांचा एकत्र फोटो आधी घ्या, लेकरं ताजी असताना. मग पळापळीचे. आणि वीस-पंचवीस मिनिटांत थांबा. लेकरू "नको" म्हणालं तर त्याच क्षणी थांबा. उजेड उद्याही पडणार आहे. तिचा भरवसा गेला तर तो परत आणायला किती वेळ लागतो, ते मी वर्षभर बघितलंय.

यंदा चाळीसच फोटो आले. आईला आवडला तो असा: आई भाचीला दशमी भरवतेय, भाचा आईचा पदर ओढतोय, भाचीच्या एका पायात चप्पलच नाही. कॅमेऱ्याकडं कुणाचंच लक्ष नाही. तो फ्रेम करून घरात लावलाय. स्टेटसला ठेवायच्या आधी मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "हा नको, चप्पल नाहीये." नाही ठेवला.

परत येताना गाडीत तिनं माझा मोबाईल मागितला. "मामा, आता तू बस, मी काढते." फोटोत माझं अर्धं डोकं कापलंय. तो माझा वॉलपेपर आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर लेकरांना झोपू द्या, आणि तुम्हीही वेळेत झोपा!