डिफरन्शियल लॉक बदलताना घाई नको

भातखाचरात चिखलणी करताना ट्रॅक्टरचे एक चाक जागीच गरगर फिरते, दुसरे हलतही नाही. अशा वेळी डिफरन्शियल लॉकचे पेडल दाबले, की मागची दोन्ही चाके बरोबरीने फिरतात आणि ट्रॅक्टर निघतो.

लॉक लागतच नसेल, तर लगेच दुकान गाठू नका. पेडलची दांडी गंजून अडकली आहे का, स्प्रिंग तुटली आहे का, ते आधी पाहावे. तेवढ्यावर भागले तर मोठा खर्च वाचतो.

दात झिजून गोल झाले असतील, तर मात्र लॉक बदलावाच लागतो. ट्रॅक्टरचे मॉडेल व चेसिस नंबर लिहून न्या, जुना भागही सोबत ठेवा. दातांची संख्या जुळली पाहिजे. एकमेकांत अडकणारे दोन्ही भाग एकदमच बदलावेत. जुन्याच्या जोडीने नवाही लवकर झिजतो.

‘वेल्डिंग मारून टाकू’ असे कोणी म्हटले, तर ऐकू नका. कायम लागलेल्या लॉकवर ट्रॅक्टर नीट वळत नाही. ॲक्सल तुटण्याचा, ट्रॅक्टर उलटण्याचा धोका असतो. शेतकरी बंधूंनो, पाय काढल्यावर लॉक सुटतो ना, हे मोकळ्या मऊ जमिनीवर सरळ चालवून तपासा. मगच खाचरात उतरा.