गाडीभाडं कोण देतं? नारायणगाव ते वाशी या प्रवासाचा हिशोब



तत्त्वज्ञानाच्या माणसाने ट्रकच्या भाड्यावर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. पण ‘कोण देतं’ हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. ज्याच्या हातून पैसे जातात तो एक असतो आणि ज्याच्या पदराला झळ लागते तो दुसराच असतो. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या भाजीत हा फरक रोज दिसतो. आज तेवढाच एक धागा धरून बोलू.

आधी भूगोल बघू. या दोन तालुक्यांत रेल्वे नाही. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, त्यात खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे मार्ग कुठून न्यायचा हाही प्रश्न आला. त्यामुळे आजतरी नारायणगावचा टोमॅटो, मंचरची तरकारी, ओतूरचा कांदा, सगळं रस्त्यानेच जातं. मुंबईला जायचे दोन रस्ते. एक आळेफाटा, ओतूर करून माळशेज उतरायचा आणि मुरबाड, कल्याणवरून पुढे. दुसरा मंचर, खेड, चाकण, तळेगाव करून पनवेलकडे. माळशेजला पावसाळ्यात दरड आली की पहिला बंद, आणि सगळ्या गाड्या चाकणच्या गर्दीत. मुक्काम एकच, वाशी. मुंबईचा घाऊक भाजीबाजार १९९६ साली वाशीला गेला, तेव्हापासून आपल्या गाड्यांचं तोंड तिकडे आहे.

हा रस्ता काही नवा नाही बरं का. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरचा माल नाणेघाटातून उतरून कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांकडे जात होता. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, तो जकातीचा असं परंपरा सांगते. जुन्नरच्या लेण्यांमध्ये धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचा शिलालेख आहे. म्हणजे वाहतूक, जकात आणि व्यापाऱ्यांची संघटना या तिन्ही गोष्टी इथे जुन्याच आहेत.

आणि हिशोबसुद्धा जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पण्याध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. परमुलखात माल पाठवताना त्याने काय करावं? तिथल्या किमतीतून शुल्क, रस्त्याचा कर, संरक्षणाचा खर्च, नावेचं भाडं, माणसांचं खाणं, तिथल्या राजाचा वाटा, हे सगळं वजा करावं आणि मग काही उरतं का ते पाहावं. नीट बघा, सुरुवात दूरच्या किमतीपासून आहे. वजा करत करत तो आपल्या दारापर्यंत येतो.

आता हेच नारायणगावला लावून बघू. टोमॅटो क्रेटमध्ये भरतात, आपल्याकडे त्याला कॅरेट म्हणतात. एका कॅरेटमध्ये साधारण २० किलो. शेतकऱ्याने माल थेट वाशीला पाठवला, तर आडत्याकडून हिशोबपट्टी येते आणि तिच्यात भाडं, हमाली, तोलाई वजा झालेली असते. तिथे झळ डोळ्यांना दिसते. पण त्याने तोच माल नारायणगावच्या उपबाजारात विकला, तर भाडं व्यापारी भरतो. मग शेतकरी म्हणतो, ‘मला भाडं लागलंच नाही.’

इथेच फसगत आहे. व्यापारी बोली लावतो ती वाशीचा, दिल्लीचा भाव डोक्यात धरून. त्यातून भाडं, हमाली, नासाडी आणि स्वतःचा नफा काढून उरेल तोच आकडा त्याच्या तोंडून बाहेर पडतो. भाडं पट्टीवर छापलेलं नाही, पण भावाच्या आत बसलेलं आहे. डिझेल वाढलं की त्या दिवशीची बोली तेवढी खाली येते. खरेदीदार भरपूर असतील, मालाची चणचण असेल, तर व्यापाऱ्याला थोडी झळ स्वतः सोसावी लागते. पण माल उदंड असला की ती बहुतेक सगळी शेतकऱ्यावर येते. आडतीचंही तसंच आहे. २०१६ साली राज्य सरकारने भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. निर्णय चांगलाच, पण खरेदीदार ती आडत बोलीत धरतो की नाही, हे त्या दिवशी बाजारात कोणाची गरज मोठी आहे त्यावर ठरतं.

आता आकडे घेऊ. हे फक्त समजण्यासाठी आहेत, रोजचा दर नव्हे. समजा वाशीत टोमॅटो १० रुपये किलो. म्हणजे कॅरेटचे २०० रुपये. त्यात तोडणी २५, भाडं ४०, हमाली-तोलाई १०, कॅरेट वगैरे ५. एकूण ८०. हातात राहिले १२०. आता भाव निम्मा झाला, ५ रुपये. कॅरेटचे १०० आले. पण तोडणारी बाई निम्मी मजुरी घेणार आहे का? डिझेल निम्म्या दराने मिळणार आहे का? खर्च ८० चा ८० च. हातात २०. भाव निम्मा झाला, पण शेतकऱ्याची मिळकत एक-षष्ठांश झाली! आणि भाव ४ रुपयांच्या खाली गेला, की माल बाजारात नेणं म्हणजे खिशातून पैसे घालणं.

म्हणून रस्त्यावर टोमॅटो ओतलेले टीव्हीवर दिसले, की शहरातली माणसं हळहळतात, ‘अहो, गरिबाला तरी वाटायचे!’ भावना योग्य आहे. पण वाटायला न्यायचे तरी गाडी लागते, आणि गाडी फुकट येत नाही. रोपं, मल्चिंग, तार-बांबू, औषधं, हा खर्च तर आधीच झालेला आहे, तो कशानेच परत येत नाही. तोडणीच्या दिवशी प्रश्न एकच उरतो, की इथून पुढचा खर्च तरी निघेल का? ‘नाही’ असं उत्तर आलं, तर माल शेतातच सोडणारा माणूस मूर्ख नाही आणि माजोरीही नाही. २०२३ च्या जुलैत याच नारायणगावात कॅरेट २,००० रुपयांच्या पुढे गेलं होतं. तेव्हा भाड्याचा कोणी विचारही केला नसेल. काही आठवड्यांतच भाव कोसळले, आणि तेच भाडं डोंगराएवढं झालं.

यातून आणखी एक गोष्ट निघते. भाडं कॅरेटवर असतं, मालाच्या प्रतीवर नसतं. चांगल्या कॅरेटलाही ४० आणि डागीलाही ४०. म्हणून लांब जातो तो निवडलेला माल, आणि गावच्या बाजारात उरतो तो दुय्यम. प्रतवारी करा असं कृषी अधिकारी सांगतात त्यामागे हे गणित आहे. नासाडीचंही बघा. ५ रुपये भावाने दहा कॅरेट पाठवली, त्यातलं एक चेंगरलं. खर्च दहांचा, ८०० रुपये. पैसे नवांचे, ९००. हातात २०० ऐवजी १००. दहातलं एक गेलं आणि निम्मी कमाई गेली. म्हणजे गाडीत थर कसे लावले, खड्डे किती, ताडपत्री कशी बांधली, यावर घरचा महिना अवलंबून असतो.

बरं, मग गाडीवाला लुटतो का? त्याचाही हिशोब बघू. डिझेल, टोल, टायर, हप्ता, विमा आणि परतीची फेरी. जाताना गाडी भरलेली, येताना रिकामी कॅरेट, म्हणजे हवाच भरलेली. परतीचा माल मिळाला नाही, तर जायच्या भाड्यातच दोन्ही फेऱ्या काढाव्या लागतात. शिवाय बाजार पहाटेचा. दुपारी-संध्याकाळी माल भरायचा आणि रात्रीतून पोचायचं. उशीर झाला की गिऱ्हाईक निघून जातं, टोमॅटो तर थांबत नाही. मग वेळ कुठून काढायचा? झोपेतून. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास सांगत होता. पण तो मुळात पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. स्वतःची एकच पिकअप चालवणारा आपला पोरगा त्यात बसतच नव्हता. भाड्याचा एक भाग असा आहे, जो कुठल्याच पट्टीवर येत नाही. तो त्याच्या डोळ्यांवर येतो.

मग करायचं काय? मोठी उत्तरं सरकारकडे आहेत: शीतगृहं, प्रक्रिया उद्योग, रेल्वे, चांगला घाटरस्ता. पण तोवर आपल्या हातात तीन गोष्टी आहेत. एक, दर तोड्याला नारायणगावची बोली आणि वाशीची निव्वळ पट्टी शेजारी शेजारी लिहा. महिन्याभरात तुम्हाला कळेल, की व्यापारी भाड्याच्या नावाखाली किती कापतो. दोन, भाडं कॅरेटवर मोजू नका, विकल्या गेलेल्या किलोवर मोजा. स्वस्त गाडीने माल चेंगरला तर ती महाग. तीन, एकेकट्याने अर्धी गाडी पाठवण्यापेक्षा चार घरांनी मिळून एक गाडी भरा, आणि येताना खत, खाद्य, काहीतरी माल ठरवून ठेवा. लेण्यातल्या त्या धान्य व्यापाऱ्यांना श्रेणीचं बळ कळलं होतं. पिकवणाऱ्यांनी तशी श्रेणी का करू नये?

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात सांगून थांबतो. गाडीभाडं तो देतो, ज्याला थांबता येत नाही. व्यापारी एक दिवस खरेदी थांबवू शकतो, गिऱ्हाईक एक दिवस टोमॅटोशिवाय आमटी करू शकतं. पिकलेला टोमॅटो थांबत नाही, म्हणून शेतकरी थांबू शकत नाही, आणि त्याच्यामागून ड्रायव्हरही नाही. त्यांना दोन दिवस थांबता येईल अशी सोय ज्या दिवशी होईल, त्या दिवशी हा हिशोब बदलेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.